वैशाखातील जनित्रे

चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तरीही त्याच परिसरातील रुग्णालये आणि मंगल कार्यालये यांच्या मागील अंगणात डिझेलचे जनित्र उभे असतेच. महाराष्ट्राने २००५ नंतरची काही वर्षे जे भारनियमन सोसले त्याचा हा वारसा होय. पुण्याने २००६ मध्ये त्यावर एक तोडगा काढला होता : कारखान्यांनी आपली जनित्रे चालवून वीज वाचवावी आणि डिझेलच्या वाढीव खर्चाचा वाटा शहरातील ग्राहकांनी उचलावा. जेथे असे कारखाने नव्हते तेथे ज्याने त्याने आपली सोय पाहिली. ते भारनियमन आज तितके उग्र राहिलेले नाही. परंतु वैशाखात वाहिन्यांवर ताण येतो, रोहित्रे जळतात आणि जनित्रावर काम पडते ते नेमके पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला असताना.

अशा वेळी त्याच्या नामपट्टीवरील आकडा खरा राहत नाही. इंजिनाची क्षमता २५ अंश तापमानाच्या हवेत आणि वीज निर्माण करणाऱ्या भागाची साधारणतः ४० अंशांत मोजण्याचा प्रघात आहे. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी विरळ असते. तितका प्राणवायू कमी मिळतो आणि टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती त्या मानाने घटते. वेटोळ्यांवरील विद्युत्‌रोधक आवरणाची गोष्ट याहून गंभीर. त्याचे तापमान मर्यादेपेक्षा दहा अंशांनी वाढले की आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. इकडे पुरवठा असा आक्रसत असता मागणी मात्र फुगत जाते, कारण त्याच दुपारी प्रत्येक खोलीतील कूलर व वातानुकूलन यंत्रे चालू असतात आणि त्यांची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. अर्थशास्त्रातील दोन वक्र इतक्या दुष्टपणे परस्परांच्या विरुद्ध दिशांना सरकल्याची उदाहरणे थोडीच असतील.

इंधनातील उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच कामी येतो. उरलेली धुरावाटे व रेडिएटरवाटे बाहेर टाकावी लागते. आवाजाच्या नियमांमुळे यंत्र बंद पेटीत ठेवावे लागते, हे योग्यच. परंतु ती पेटी भिंतीला टेकवून ठेवली तर बाहेर पडलेली तप्त हवाच पुन्हा आत ओढली जाते. त्यात रेडिएटरच्या पात्यांत धूळ व कापसाचे तंतू साचले म्हणजे पाणी उकळू लागते. मग कोणीतरी घाईने झाकण उघडतो आणि हात, तोंड भाजून घेतो.

डिझेल सहजी पेट घेत नाही, हा समज थंड प्रदेशापुरता ठीक आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश असावा लागतो. म्हणजे तेवढेच मानक पाळणारे डिझेल विदर्भाच्या दुपारी उघड्या पिंपातून पेटू शकणारी वाफ सोडते. म्हणूनच यंत्र बंद करून, निवल्यानंतरच इंधन भरावे. पेट्रोलवरील लहान जनित्रांच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. दुकानाचे शटर अर्धे ओढून ती आत चालवण्याची सवय मात्र प्राणघातक आहे : कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि उन्हाने आलेली गुंगी व त्याने आलेली गुंगी यांत फरक कळत नाही.

अर्थिंगचा खड्डाही उन्हाळ्यात कोरडा पडतो. सुकलेली माती विजेला नीट वाट देत नाही, त्यामुळे त्यात नियमित पाणी घालावे लागते. टंचाईच्या गावात ही अपेक्षा जड वाटेल, पण घागरभर पाण्याचाच प्रश्न आहे. चेंजओव्हर स्विच नसेल तर घरातील वीज उलटी रोहित्रात शिरून ११,००० व्होल्टची होते, आणि तेव्हा जळालेले रोहित्र बदलण्यासाठी वायरमन खांबावर चढलेला असतो.

संस्थांच्या खरेदीत मात्र प्रति के.व्ही.ए. किंमत पाहून सर्वांत स्वस्त देकार स्वीकारला जातो. ४८ अंश तापमानात हे यंत्र सलग किती भार उचलील, हा रकाना त्याच तक्त्यात घातला, तर देकारांचा क्रम पुष्कळदा बदललेला दिसेल.