तिसऱ्या वर्तुळाची नोंदवही

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे पोरांच्या तोंडचं बीजीएमआय. या खेळाच्या मोठ्या स्पर्धेत एका सामन्याला १६ संघ, एकूण ६४ खेळाडू एकाच बेटावर उतरतात. शेवटपर्यंत टिकणाऱ्या संघाला १० गुण, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २ आणि सातव्या-आठव्याला एकेक. शिवाय टिपलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे एक गुण. म्हणजे एकालाही न टिपता, जागा धरून बसून पहिला आलेला संघ आणि आठवा येऊन नऊ जणांना टिपणारा संघ, दोघांच्याही खात्यात १० गुणच जमा होतात. गुणतक्त्यात दोघं शेजारी बसतात, पण खेळ अगदी उलट खेळलेले असतात. पुढच्या स्पर्धेत यांच्याशी गाठ पडायची असेल तर कोणापासून कसं सावध राहायचं, ते त्या १० वरून कळत नाही.

धारणीतला एक तरुण हे १० गुण फोडून बघतो. मोठी स्पर्धा जवळ आली की सगळ्या संघांच्या मागच्या सामन्यांच्या चित्रफिती काढून बसतो आणि कोण कुठे उतरतं, कोण कधी हलतं, कोण कुठे मरतं याचे तक्ते बनवतो. संपादकांच्या कानावर हे आलं आणि त्यांनी मला पाठवलं.

अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा जंगलाचा रस्ता धरला की दीडशेक किलोमीटरवर धारणी लागते. मेळघाटातलं हे तालुक्याचं गाव. पलीकडे लगेच मध्य प्रदेश. बाजारात कोरकू, वऱ्हाडी आणि हिंदी एकाच दुकानासमोर ऐकू येतात. वाटेतलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजलं होतं. मेळघाटातली रेंज मात्र आजही वळणावळणाला येते आणि जाते.

त्याचं दुकान झेरॉक्स, रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं. वय विशीतलं. नाव छापू नका, असं त्यानं आधीच सांगितलं. घरच्यांना हे काम अजून काम वाटत नाही. ‘दिवसभर मोबाइलच पाहून रायला म्हनते बाबा. आता मी खेळत नाही, लिहून रायलो, हे त्याह्यले कसं सांगू?’

लिहायची जागा म्हणजे दुकानाच्या मागच्या बाजूचं टेबल. त्यावर एरँगेल या नकाशाची मोठी रंगीत छपाई, वरून प्लास्टिक चढवलेली. एरँगेल हे आठ किलोमीटर लांब आणि तितकंच रुंद काल्पनिक बेट आहे. नकाशावर एकेक किलोमीटरचे चौकोन आखलेले असतात. पोचिंकी, यास्नाया, रोझॉक, जॉर्जोपोल ही तिथली गावं या पोरांना पाठ आहेत. लॅपटॉपवर जुन्या अंतिम फेरीचं प्रक्षेपण चालू होतं. वरून दिसणारा नकाशा पडद्यावर जेमतेम काही सेकंद येतो. तो आला की हा चित्र थांबवतो, नाक पडद्याला लागेल इतका पुढे वाकतो, संघांचे बारीक क्रमांक वाचतो आणि प्लास्टिकवर स्केचपेननं ठिपके देतो. मग वहीत प्रत्येक संघापुढे एक खूण लिहितो: ‘३-आ-४’, ‘३-बा-२’. तिसरं वर्तुळ, आत, चौघे जिवंत. तिसरं वर्तुळ, बाहेर, दोघे जिवंत.

त्याचं सगळं शास्त्र या खुणेत आहे, आणि मी तिथंच सर्वांत जास्त रेंगाळलो.

खेळ असा चालतो. विमानातून उडी मारून संघ ठिकठिकाणी उतरतात, बंदुका-औषधं गोळा करतात. थोड्या वेळानं नकाशावर एक पांढरं वर्तुळ उमटतं. ठरलेल्या वेळेत त्याच्या आत यायचं. बाहेर राहिलेल्याचा जीव निळ्या पट्ट्यात हळूहळू जातो. मग त्या वर्तुळाच्या आत आणखी लहान वर्तुळ, त्याच्या आत आणखी लहान. पुढचं कुठे पडेल हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. काही संघ लवकर निघून मध्यावरचं एखादं पक्कं घर धरतात आणि येणाऱ्याला अडवतात. काही संघ कडेकडेनं येतात, मागून येणारा कोणी उरणार नाही याची खात्री करत, वाटेत भेटेल त्याला टिपत. पहिल्याला जागेचे गुण मिळतात, दुसऱ्याला टिपल्याचे. वर्तुळ एकाएकी भलत्याच बाजूला सरकलं की पोरं त्याला ‘हार्ड शिफ्ट’ म्हणतात. मध्यावर बसलेल्या संघाची घडी तिथं विस्कटते.

मग तिसरंच वर्तुळ का? त्याचं उत्तर मला फार आवडलं. पहिल्या दोन वर्तुळांत जागा भरपूर असते, संघ अजून सामान गोळा करत असतात, तेव्हा त्यांचा स्वभाव दिसत नाही. पाचव्या-सहाव्यापर्यंत मारामारी होऊन गेलेली असते, तेव्हा निकालच निम्मा लागलेला असतो. निकाल पाहून निकालाचं भाकीत करण्यात काय अर्थ? तिसऱ्याला संघानं निर्णय घेतलेला असतो आणि त्या निर्णयाचं फळ अजून मिळालेलं नसतं. संख्याशास्त्राच्या वर्गात हे समजायला लोकांना वर्ष लागतं. हा पोरगा ते चित्र थांबवून-थांबवून शिकला.

‘कोनं किती मारले हे सारेच सांगते सर,’ तो म्हणाला. ‘पन मारायच्या आधी गडी कुठं उभा होता, हे कोनी लिहून ठेवत नाही.’

त्याच्या तक्त्याला हळूहळू नवे रकाने जोडले गेले आहेत. संघ कुठे उतरतो. त्याच जागेवर दुसरा संघ आला तर तो भांडतो की सोडून जातो. गाड्या शेवटपर्यंत जपतो की लवकर टाकतो. पहिली गोळी आपण झाडतो की दुसऱ्याच्या भांडणात तिसरा म्हणून शिरतो. गडी पाडल्यावर तो पूर्ण टिपला जातो की साथीदार त्याला उठवतात. यंदा त्यानं घातलेला रकाना मला सर्वांत हुशारीचा वाटला. एक गडी गेल्यानंतर उरलेले तिघे पुढच्या वर्तुळाकडे लगेच सरकतात की बदला घ्यायला थांबतात, हे तो आता नोंदवतो. संघाच्या नायकाला, म्हणजे ‘आयजीएल’ला, डोकं शांत ठेवता येतं का, हे टिपलेल्या गड्यांच्या आकड्यावरून कधीच कळलं नसतं.

जगात हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. काउंटर-स्ट्राइक या खेळासाठी डेन्मार्कच्या एचएलटीव्हीनं २०१० पासून खेळाडूंचं मूल्यांकन एका आकड्यात मांडायला सुरुवात केली. सरासरी खेळाडू म्हणजे १. २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी असा हिशेब घेतला की किती फेऱ्यांत खेळाडूनं एखाद्याला टिपलं, टिपायला मदत केली, तो जिवंत राहिला किंवा मेला तर साथीदारानं लगेच वसुली केली. २०२५ च्या तिसऱ्या आवृत्तीत एकेका टिपण्यानं संघाची फेरी जिंकण्याची शक्यता किती बदलली, हे मोजलं जाऊ लागलं. हरलेल्या फेरीत शेवटी एखाद्याला उगाच टिपून घेतलं तर त्याला आता फारशी किंमत नाही. डोटा २ या खेळात तर प्रत्येक सामन्याची पूर्ण नोंद मिळते आणि ओपनडोटासारखे खुले प्रकल्प ती उलगडून देतात. त्या खेळाच्या २०२१ च्या जागतिक स्पर्धेचं बक्षीस ४ कोटी डॉलरच्या वर होतं, म्हणजे तयारीला किती मोल असेल ते समजावं. त्या खेळाची मोठी स्पर्धा मुंबईनंही पाहिली आहे, एप्रिल २०१९ मध्ये, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये.

बीजीएमआयचंही भावंड आहे, संगणकावरचं पब्जी. त्यासाठी कंपनीनं २०१८ मध्ये नोंदींचं दार उघडलं. सामना संपला की प्रत्येक खेळाडू कोणत्या क्षणी कुठे होता, वर्तुळ कुठे पडलं, कोणी कोणाला किती अंतरावरून टिपलं, हे सगळं कोणालाही उतरवून घेता येतं. मोबाइलवरच्या खेळाला असं दार नाही. भारतातली बहुतेक पोरं खेळतात तो हाच खेळ, आणि त्याचे तक्ते डोळ्यांनी बघून, हातानं लिहून करावे लागतात. एका सामन्याला त्याचे दोन-दोन तास जातात.

इथून पुढे काळजीच्या गोष्टी सुरू होतात.

पहिली काळजी कॅमेऱ्याची. एकाच वेळी बेटावर चार ठिकाणी चकमकी चालू असतात आणि प्रक्षेपणात एकच दिसते. दाखवणारा साहजिकच नावाजलेल्या संघाकडे जातो. त्यामुळे ज्या संघाचे चाहते जास्त, त्याची नोंद भरगच्च. जो संघ गुपचूप पाचवा-सहावा येतो, त्याच्या ओळीत रिकाम्या जागा. स्पर्धेआधी ज्याच्याबद्दल सर्वांत कमी माहिती असते तोच धोक्याचा असू शकतो, आणि नेमका तोच दिसत नाही. हा तरुण रिकामी जागा अंदाजानं भरत नाही, तिथं फुली मारतो. त्या फुल्या पाहिल्या आणि या कामाबद्दलचा माझा आदर दुणावला.

दुसरी काळजी नशिबाची, आणि ती मला अधिक छळते. अंतिम फेरी तीन दिवस, रोज सहा, असे १८ सामने धरा. समजा सोळाही संघ अगदी तुल्यबळ आहेत. मग एखाद्या संघानं एक सामना जिंकण्याची शक्यता सोळात एक. अठराही सामन्यांत एकदाही पहिलं न येण्याची शक्यता निघते सुमारे ३१ टक्के. म्हणजे सोळांपैकी पाचेक संघ निव्वळ नशिबानं कोरडे राहणार आणि एखाद-दुसरा संघ तितक्याच निव्वळ नशिबानं तीन किंवा जास्त सामने जिंकणार. मी हे गणित त्याच्या वहीच्या मागच्या पानावर मांडलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं जुनी पानं उलटून एक संघ दाखवला, ज्याला कोणी मोजत नव्हतं. एकही सामना न जिंकलेला, पण तिसऱ्या वर्तुळाला बहुतेक वेळा चौघे जिवंत आणि आत. ‘याले लोक संपलेला म्हनत होते,’ तो म्हणाला. त्याचा मुद्दा बरोबर आहे. जिंकणं क्वचित घडतं, म्हणून त्यावरून फार थोडं शिकता येतं. तिसरं वर्तुळ प्रत्येक सामन्यात येतं. तरीही १८ नोंदी म्हणजे मेळघाटातल्या एका पावसाळ्यावरून दुष्काळाचं भाकीत करण्यासारखं आहे.

त्यात जमीनच स्थिर नाही. खेळाची नवी आवृत्ती आली की बंदुकांची ताकद बदलते, नकाशात घरं बदलतात, जुने तक्ते शिळे होतात. खेळ बंद पडण्याचाही अनुभव आहे. पब्जी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आलं, जुलै २०२२ मध्ये तेही ॲप-दुकानांतून काढलं गेलं आणि मे २०२३ मध्ये परत आलं. त्या दहा महिन्यांची पानं त्याच्या वहीत कोरी आहेत. कोरी ठेवलीच आहेत, पुढे वापरली नाहीत.

कायद्याच्या बाजूनं चित्र पूर्वीपेक्षा बरं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं, रीतसर स्थान दिलं. पण रमी आणि हा खेळ यांतला फरक धारणीच्या बाजारात अजून पोचलेला नाही. बाप मुलाच्या हातात मोबाइल बघतो आणि त्याला आधी आठवतात ते शेजारच्या गावात कर्जात बुडालेले लोक. त्या बापाचं मला चुकीचं वाटत नाही.

आणि मेळघाटाच्या अडचणी आहेतच. चौघांचा संघ बांधला तर दोघांच्या पाड्यावर रेंज नाही. वीज गेली की सराव गेला. कोरकू घरातला गडी दिवाळीनंतर कामाला बाहेर पडला की होळीलाच परततो, कारण होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. तोवर संघ तिघांचा. इथून खेळाडू घडणं अवघड आहे, हे त्यानं फार लवकर ओळखलं. विश्लेषकाला मात्र सामना चालू असताना वेगवान जाळं लागत नाही. रात्री रेंज चांगली असताना चित्रफीत उतरवून घेतली की दिवसा काम होतं. म्हणून तो खेळणं सोडून लिहिण्याकडे वळला. मोठे संघ विश्लेषक नेमतात, आणि विश्लेषक धारणीत बसला काय नि मुंबईत बसला काय, तक्ता तोच. पण नेमणुका ओळखीनं होतात. त्याची ओळख कोणाशी नाही.

मला अमरावतीची आठवण होते. १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथं आहे. १९३६ मध्ये त्यांच्या चमूनं बर्लिनच्या ऑलिंपिकवेळी कबड्डी दाखवली होती. ज्या जिल्ह्यात व्यायामशिक्षण शास्त्र म्हणून शिकवलं जातं, तिथं सामन्याची नोंद आणि पृथक्करण हा अभ्यासक्रम का असू नये? कबड्डीची चढाई असो वा हा खेळ, रिकामी जागा रिकामी लिहायची शिस्त एकच लागते. धारणीच्या मुलाला तिथं चार महिने शिकता आलं आणि हातात एक कागद मिळाला, तर घरच्यांशी बोलणं सोपं होईल.

निघताना मी विचारलं, कंपनीकडे एकच गोष्ट मागायची असेल तर काय मागशील? मला वाटलं तो सगळ्या नोंदी मागेल. संगणकावरच्या खेळाला दिल्या तशा इथंही द्याव्यात असं मलाही वाटतं. सामना संपल्यावर त्यात गुपित असं काही उरत नाही. तो म्हणाला, ‘सारं नाही देलं तरी चालते सर. फायनलच्या अठरा मॅचचे फक्त वर्तुळाचे मध्य देले, तरी माह्यं अर्धं काम कमी होते. बाकी ठिपके मी देतो.’