येम्बा भाषेतील सूर आणि त्याचे लेखन

कॅमेरून देशाच्या पश्चिमेकडील डोंगराळ पठारावर बामिलेके लोकांची वस्ती आहे. त्या एका नावाखाली अनेक भाषा नांदतात. घोमाला, फेफे, मेदुम्बा व येम्बा या त्यांपैकी होत. द्शांग नगराच्या परिसरातील येम्बा आम्ही येथे विचारासाठी घेतली आहे, कारण तिच्या सुरांनी भाषाशास्त्रज्ञांना पुष्कळ दमविले आहे.

मराठीत 'तो आला' हे शब्द आवाज चढवून उच्चारल्यास प्रश्न होतो, उतरविल्यास विधान. 'आला'चा अर्थ मात्र पालटत नाही. येम्बात सूर हा व्यंजनाइतकाच शब्दाचा घटक आहे. साधारणतः 'लतोंग' असा ऐकू येणारा शब्द सुरानुसार पीस, वाचन, बेंबी किंवा समाप्ती असा अर्थ देतो.

मूळ सूर दोनच, उच्च व नीच. मग अडचण कोठे येते? शब्दातला एखादा स्वर कालौघात झिजून गेला तरी त्यावरचा सूर मागे उरतो. असा निराधार नीच सूर स्वतः ऐकू येत नाही. पण पुढच्या उच्च सुराला तो एक पायरी खाली ढकलतो, आणि त्या वाक्यखंडात आवाज पूर्वीची उंची पुन्हा गाठत नाही. कॅमेरूनचे मॉरिस तादाज्यू यांनी १९७४ साली या निराधार सुरांची चिकित्सा केली. तात्पर्य, एकेका शब्दाचा सूर पाठ करून भागत नाही. शेजार पाहावा लागतो.

आता हे लिहावयाचे कसे? अक्षरावर सुराच्या खुणा द्याव्यात, हे उत्तर सहज सुचते. स्टीव्हन बर्ड यांनी तेथील वाचकांची परीक्षा घेऊन १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खुणांमुळे वाचनाचा ओघ मंदावला, आणि संदिग्ध शब्दही उलगडले नाहीत. खुणा देण्यात अनुभवी लेखकांची अचूकता ८३.५ टक्के, नवख्यांची अवघी ५३. उपासनेत शास्त्रपाठ मोठ्याने वाचणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगावयास नको. तरी खुणा निरुपयोगी ठरतात असे आम्हांस वाटत नाही. किती व कोठे द्याव्यात, हाच खरा प्रश्न आहे.

गीतांचा प्रश्न याहून नाजूक. आपल्याकडे पाश्चात्त्य चालींवर बसविलेल्या गीतांत ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण होते. कान दुखावतो, अर्थ बहुधा बचावतो. सुराच्या भाषेत चालीचा चढउतार शब्दाच्या सुराविरुद्ध गेला, तर ऐकणाऱ्यास दुसराच शब्द ऐकू येण्याचा संभव असतो.