रात्रीची लाईट कुणाच्या सोयीची?
लेखमाला : उन्हाचा हिशेब – लेखांक ५

‘ह्या आठवड्यात लाईट दिवसाची का रात्रीची?’ रब्बीत कुठल्याही बागायती गावात पारावर, दूध डेअरीवर हाच प्रश्न ऐकू येतो. वर्षानुवर्षं शेतीच्या फिडरला थ्री फेज वीज पाळीपाळीनं मिळत आली. दिवसाची पाळी असेल तर आठ तास, रात्रीची असेल तर दहा. रात्रीची आली की जेवून, कानाला मफलर गुंडाळून, बॅटरी आणि फावडं घेऊन रानात जायचं.

लहानपणी मामांबरोबर मी अशा पाळीला गेलो आहे. गहू होता, पौषातली थंडी होती. एक वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचं. पण वाफ्याच्या टोकाला पाणी पोचलं की नाही, हे अंधारात कळायचं कसं? मामा अनवाणी टोकाला जाऊन उभे राहायचे. तळव्याला गार लागलं की वाफा भरला. साप-विंचवाचा वावरही त्याच चिखलात. जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात आता बिबट्याची भर पडली आहे. तिथला शेतकरी दिवसाची लाईट मागतो, ती जिवाच्या भीतीनं. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणं धरलं, तेही दिवसा दहा तास विजेसाठीच.

मग शेतीला रात्रीच वीज का दिली जायची? कोळशावर चालणारा संच हा घरातल्या दिव्यासारखा खटका दाबून बंद-चालू करता येत नाही. बॉयलर एकदा थंड झाला की पुन्हा तापवायला कित्येक तास लागतात, तेल जळतं, यंत्राची झीज होते. त्यामुळे चंद्रपूर, कोराडीसारखी केंद्रं रात्रीही चालू ठेवावी लागतात. दिवसा वीज कारखाने आणि कचेऱ्या घेतात. मध्यरात्री गिऱ्हाईक उरत नाही. ती उरलेली वीज शेतीच्या मोटारींकडे वळवायची, असा तो हिशेब होता. मामांचं जागरण ही कोळशाची सोय होती, असं मी म्हणतो ते याच अर्थानं.

उन्हानं हा हिशेब उलटा केला. सौर वीज सकाळी नऊ ते दुपारी चारच्या दरम्यान भरपूर असते आणि नेमकी त्याच वेळी शेतकऱ्याला ती हवी असते. त्यातून मोटारीचं पाणी सलग एकसारखंच चालायला हवं असंही नाही. ढग आला, दोन वाफे कमी भिजले, तर उद्या भिजतील. दवाखान्याला किंवा कारखान्याला असं थांबता येत नाही. म्हणून मला वाटतं, महाराष्ट्रात सौर ऊर्जेला शेतीपंपाइतकं चांगलं गिऱ्हाईक दुसरं नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, सुरुवात राळेगणसिद्धीपासून झाली. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला, ३ मेगावॉटचा. आताचं उद्दिष्ट १६,००० मेगावॉटचं आहे. रचना साधी आहे. गावाजवळच्या सब-स्टेशनपासून थोड्या अंतरावर पॅनेल बसवायचे आणि वीज तिथेच ११ केव्हीच्या फिडरवर सोडायची. एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते आणि भर उन्हात त्यावर पाच हॉर्सपॉवरच्या दोनशेच्या वर मोटारी चालतात. चंद्रपूरहून शेकडो किलोमीटर तारेतून येताना जी गळती होते, ती वाचते. वीजही सुमारे तीन रुपये युनिटनं पडते. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दर वर्षी तीन टक्के वाढ.

सरकारी जागेचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. कागदावर पडीक दिसणारं गायरान रिकामं नसतं. तिथे कुणाच्या शेळ्या चरतात, धनगरांचा वाडा दोन महिने उतरतो. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याला दिवसाच्या लाईटचा काही उपयोग नाही आणि कुंपण मात्र त्याच्याच शेळ्यांना आडवं येतं. अशा ठिकाणी ग्रामसभेत आधी त्यालाच विचारलं पाहिजे. पाण्याचंही तेच. दिवसा वीज आणि २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत बिल माफ, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर मोटर बंद करण्याचं कारण उरत नाही. ज्या तालुक्यात बोअर आधीच सहाशे फुटांच्या खाली गेले आहेत, तिथे ठिबकची सक्ती या योजनेबरोबरच यायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक सवय रात्रीच्या लाईटनं लावली, ती आता मोडावी लागेल. झोपमोड नको म्हणून घरोघरी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. पण फिडरवरच्या सगळ्याच मोटारी एका क्षणी उठल्या की डीपीवर एकदम भार येतो. कॅपॅसिटर नसला तर तो आणखी वाढतो आणि ऐन पाण्याच्या दिवसांत डीपी जळतो. दिवसा जागं असताना हातानं खटका ओढणं अवघड नाही. चार घरांनी पाच-पाच मिनिटांचं अंतर ठेवलं तरी डीपी तगतो.

ऊन मावळल्यावर मात्र गावठाण फिडर जागा होतो. दिवे, टीव्ही, पिठाची गिरणी, मोबाइलचं चार्जिंग, आणि त्याच वेळी पॅनेल झोपलेले. पुढच्या आठवड्यात त्या संध्याकाळकडे वळू आणि घाटघरला जाऊ. तिथे सह्याद्रीच्या कड्यावरून पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज काढतात आणि तेच पाणी पुन्हा वर चढवतात.