उपवास एकच, शरीरे दोन

तिजडीनंतरच्या आठवड्यात जरीपटक्यातील एक जोडपे आमच्या शासकीय रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात आले. तिजडी म्हणजे सिंधी स्त्रियांचा श्रावण वद्य तृतीयेचा उपवास. आपल्या हरतालिकेच्या पंधरा दिवस आधी येणारा हा उपवास चंद्र पाहूनच सुटतो. यंदा पत्नीसोबत पतीनेही काही खाल्ले नव्हते. त्यांना मधुमेह असल्याने घरी ग्लुकोमीटर होता. रात्री आठ वाजता दोघांनी साखर तपासली. तिची ६६, त्यांची ८२.

ती घाबरली होती. ‘‘डॉक्टरसाहेब, उपाशी दोघेही होतो. मग साखर माझीच का घसरली?’’

प्रश्न अगदी योग्य होता. जेवण थांबले की शरीर आधी यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन वापरते. हा साठा साधारण दिवसभर पुरतो. तो कमी होऊ लागला की चरबी वितळू लागते आणि यकृत तिच्यापासून कीटोन तयार करते. साखर कमी असताना मेंदू या कीटोनवरही चालतो.

इथे स्त्री-पुरुषांत फरक पडतो. पाळी सुरू असलेल्या वयातील स्त्रियांचे शरीर चरबीच्या इंधनाकडे अधिक वेगाने वळते. त्यांच्या रक्तात मेदाम्ले आणि कीटोन जास्त वाढतात, तर साखर पुरुषांपेक्षा अधिक उतरते. १९७४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मेरिमी आणि टायसन यांनी हे मांडले. तीन दिवसांच्या उपवासात काही निरोगी स्त्रियांची साखर ४० च्याही खाली गेली, तरी त्यांना त्रास जाणवला नाही. पुरुषांची साखर एवढी उतरली नाही. एका दिवसाच्या उपवासात हा फरक थोडाच असतो. उपवास लांबला की तो ठळक होतो.

म्हणून मधुमेह नसलेल्या, कोणतेही औषध न घेणाऱ्या आणि काहीही त्रास न झालेल्या त्या बाईंचा ६६ हा आकडा काळजीचा नव्हता.

काळजीचा होता तो ८२. अधिक विचारल्यावर पती म्हणाले, ‘‘मशीन पाहिल्यावर थोड्या वेळाने घाम फुटला, हात थरथरले. उपवासाचा अशक्तपणा वाटला. सरबत प्यायलो, बरे वाटले.’’ त्यांनी सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे घेतली होती. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन स्रवायला लावते. इन्सुलिन वाढले की साखर घसरते आणि चरबी वितळणेही थांबते, म्हणजे मेंदूला पर्यायी इंधनही मिळत नाही. निरोगी स्त्रीला सांभाळणारी यंत्रणाच या गोळीने बंद पडते. मधुमेही स्त्रीने ही गोळी घेऊन उपवास केला, तर तिलाही हाच धोका.

आता हरतालिका आणि पुढे नवरात्र येईल. उपवास करू नका, असे मी म्हणत नाही. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्रा आणि वेळ आधीच डॉक्टरांना विचारून ठरवा. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर निर्जळी उपवास केल्यास साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्लता होऊ शकते. गर्भवतींनी निर्जळी उपवास टाळावा. त्यांच्या शरीरात साखर लवकर घसरते आणि कीटोन झपाट्याने वाढतात. साबुदाण्याची खिचडी हलकी समजू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. तो साखर वेगाने वाढवतो.

मधुमेहीला घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे वाटले, अथवा साखर ७० च्या खाली गेली, तर चंद्राची वाट पाहू नका. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा.

निघताना ती पतीला म्हणाली, ‘‘पुढच्या वर्षी उपवास मी करीन. तुम्ही जेवून गोळी घ्या.’’ मला यात काहीच जोडायचे नव्हते.