फूलवाल्यांनी स्पर्धेत का उतरावे?

फुलांच्या धंद्यातील आपल्या कारागिरांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा हुन्नर आहे. सेहरा असो, नवरदेवाची मोटार असो की मंडप, हात सफाईने चालतो. तरीही मोठ्या लग्नाचे काम सजावटवाला घेतो आणि फूलवाल्याच्या पदरी मजुरी पडते. याचे कारण एकच. हुन्नर आहे, पण दाखवायला पुरावा नाही. तो पुरावा स्पर्धेत मिळतो, असे आमचे मत आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. या ईदला उरलेले थान पुढच्या ईदला खपते. फूल मात्र संध्याकाळी कचऱ्यात जाते. म्हणून वेळ आणि माल यांचा हिशेब फूलवाल्याला फार कडक ठेवावा लागतो. स्पर्धेत हीच परीक्षा असते. वेळ ठरलेली, माल मोजका. काही फेऱ्यांत तर कोणती फुले मिळणार हेही आधी कळत नाही.

इंटरफ्लोराची जागतिक स्पर्धा १९७२ पासून भरते. २०१९ साली ती अमेरिकेत फिलाडेल्फियाला झाली, २०२३ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला. अशा स्पर्धांत कल्पना, रंग, रचना आणि तंत्र यांचे गुण वेगवेगळे दिले जातात. खरी कमाई इथेच आहे. नाराज गिऱ्हाईक काही बोलत नाही, गुपचूप दुसरे दुकान गाठते. परीक्षकांचे गुण मात्र नेमके सांगतात की रंग जमले, पण जोडकाम कच्चे राहिले. अशी तालीम पैसे देऊनही सहज मिळत नाही.

वर्ल्डस्किल्स या तरुण कारागिरांच्या जागतिक स्पर्धेतही पुष्परचना हा विषय आहे. तिथे वयाची मर्यादा २२ वर्षांची आहे. आपल्या देशातील निवड इंडियास्किल्स स्पर्धेतून होते. तेव्हा मुलगा किंवा मुलगी धंद्यात आली की लगेच चौकशी करावी.

खर्च होतो, हे खरे. दुकान बंद राहते, सरावाला फुले लागतात. स्पर्धेतली रचना जशीच्या तशी विकलीही जात नाही. म्हणून लग्नसराई टाळावी, सुरुवात गावातल्या पुष्पप्रदर्शनापासून करावी आणि दोघा-तिघांनी मिळून खर्च वाटून घ्यावा. इनाम मिळो न मिळो, रचनेचे फोटो आणि प्रमाणपत्र दरपत्रकासोबत गिऱ्हाइकापुढे ठेवावे. मग भाव सजावटवाला नव्हे, फूलवाला सांगेल.