चिपखालचं सॉकेट : छोटी वस्तू, मोठी अमानत

ज्या घरात माग आहे, त्या घराला जकार्डची कार्डं नव्याने सांगायला नकोत. माग तोच; छिद्रांची कार्डं बदलली की कापडावरची नक्षी बदलते. एक कार्ड वाकडं बसलं, तर अख्ख्या ताक्यात दोष.

जुन्या मोटारींच्या इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, असाच चालतो. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, याचे तक्ते एका चिपमध्ये असतात. १९९० च्या दशकातल्या अनेक गाड्यांत ही २८ पायांची चिप असे. तक्ते बदलायचे तर चिप बदलावी लागते. दर वेळी सोल्डर वितळवून ती काढली, तर बोर्डावरची तांब्याची बारीक रेघ उचकटते. म्हणून एकदाच सॉकेट बसवतात.

भिवंडीत गॅरेजचं काम शिकणाऱ्या आपल्या मुलांनी इथेच सावध राहावं. सॉकेट तीन प्रकारचं मिळतं. पहिलं, पातळ पत्र्याच्या पकडीचं. हे सर्वांत स्वस्त. पण चिप वारंवार काढली-घातली की पकड सैल पडू लागते. दुसरं, गोल घडीव पायांचं. याच्या आतली पकड चिपचा पाय चहूबाजूंनी धरते. थोडं महाग, पण गाडीत कायमचं बसवायला हेच घ्यावं. तिसरं, दांडी उचलून चिप सोडवायचं. हे टेबलावरच्या चाचणीसाठी उत्तम. गाडीत मात्र उंचीमुळे झाकण बसत नाही आणि धक्क्याने दांडी सैल होण्याची भीती असते.

खड्ड्यांतले धक्के, इंजिनाची उष्णता, पावसाळ्यातली ओल आणि मागांचा उडता कापूस हे सगळं त्या पकडीला सोसावं लागतं. एक पाय क्षणभर सुटला, तरी गाडी भर हायवेवर बंद पडू शकते. आत कुणाचं तरी कुटुंब बसलेलं असतं.

म्हणून काही सवयी लावाव्यात. आधी बॅटरीची तार काढावी. चिपची खाच आणि सॉकेटची खाच एकाच दिशेला ठेवावी. सोल्डरिंगनंतर बोर्ड साफ करावा. चिपवर काचेची खिडकी असेल, तर ती चिकटपट्टीने झाकावी; अतिनील किरणांनी आतला मजकूर पुसला जातो. मूळ चिप ग्राहकाला परत द्यावी.

कायदाही लक्षात असू द्या. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ग्राहकाला हे आधीच सांगावं. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

अब्बा-अम्मींनी मुलाला रोज किती कमावलंस, हे जरूर विचारावं. त्याचबरोबर, आज कुठलं सॉकेट बसवलंस, हेही विचारावं. दुसऱ्याची गाडी आपल्या हाती असते, तोवर ती अमानत असते.