तेलशुद्धीकरण उद्योग, भारतातील
तेलशुद्धीकरण उद्योग, भारतातील : भूगर्भातून मिळणाऱ्या अशुद्ध खनिज तेलापासून पेट्रोल, रॉकेल, डीझेल, इंधन तेल, डांबर इ. उपयुक्त पदार्थ वेगळे करणारा उद्योग. देशाच्या इंधन पुरवठ्यात या उद्योगाचे स्थान मध्यवर्ती आहे.

शुद्धीकरणात प्रथम तेल तापवून त्याचे भागशः ऊर्ध्वपातन करतात. उकळबिंदूंतील फरकामुळे हलके व जड घटक अलग होतात. कोणता घटक किती मिळेल हे मुख्यतः अशुद्ध तेलाच्या जातीवर अवलंबून असते; मात्र भंजनक्रियेने जड घटकांचे रूपांतर हलक्या इंधनांत करता येते. यामुळे देशाच्या गरजेनुसार उत्पादनाचे प्रमाण काही अंशी बदलता येते.

इतिहास : आसाममधील दिग्बोई येथे १८८९ मध्ये तेल सापडले व १९०१ मध्ये तेथील शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. फाळणीनंतर रावळपिंडीजवळचा कारखाना पाकिस्तानात गेला आणि भारतात दिग्बोईचा एकच कारखाना उरला. त्यामुळे बहुतेक तयार इंधन आयात करावे लागे. १९५१ मध्ये इराणने तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केल्यावर आबादानचा प्रचंड कारखाना बंद पडला व अशा परावलंबनाचा धोका स्पष्ट झाला. त्याच सुमारास भारत सरकारने विदेशी कंपन्यांशी करार केले. त्यांनुसार मुंबईजवळ तुर्भे येथे स्टँडर्ड व्हॅक्यूम (१९५४) व बर्मा शेल (१९५५) आणि विशाखापटनम् येथे कॅलटेक्स (१९५७) या कंपन्यांचे कारखाने निघाले.

कारखाने देशात आले, तरी त्यांत कोणते तेल वापरावयाचे हे कंपन्याच ठरवीत. १९६० मध्ये सोव्हिएट रशियाने देऊ केलेले स्वस्त तेल शुद्ध करण्यास तिन्ही कंपन्यांनी नकार दिला. सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांची निकड त्यामुळे अधिक ठळक झाली. रूमानियाच्या साहाय्याने गौहाती (१९६२) आणि सोव्हिएट साहाय्याने बरौनी (१९६४) व कोयाली (१९६५) येथे कारखाने उभारण्यात आले. पुढे कोचीन (१९६६), मद्रास (१९६९), हल्दिया (१९७५) व मथुरा (१९८२) येथील कारखान्यांची भर पडली. १९७३ च्या तेलदरवाढीनंतर विदेशी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. त्यांतून हिंदुस्थान पेट्रोलियम (१९७४) व भारत पेट्रोलियम या सार्वजनिक कंपन्या निर्माण झाल्या.

१९९० नंतर या क्षेत्रात खाजगी भांडवलास वाव मिळाला. गुजरातमधील जामनगर येथे १९९९ मध्ये रिलायन्सचा पहिला व २००८ मध्ये दुसरा कारखाना सुरू झाला. हे जगातील सर्वांत मोठे शुद्धीकरण केंद्र होय. बिना (२०११), भटिंडा (२०१२) व पारादीप (२०१६) येथील कारखाने त्यानंतरचे आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ दर्जाचे पेट्रोल व डीझेल विकणे बंधनकारक झाल्याने गंधक काढून टाकणारी यंत्रणा कारखान्यांत बसवावी लागली.

पुरवठ्याची स्थिती : देशाची शुद्धीकरण क्षमता आता वर्षाला सु. २५ कोटी टन आहे. पेट्रोल व डीझेलची निर्यातही होते. याउलट देशातील अशुद्ध तेलाचे उत्पादन ३ कोटी टनांहूनही कमी असून गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हाय क्षेत्राने ही तूट काही काळ कमी केली; परंतु मागणी त्याहून वेगाने वाढत गेली. स्वयंपाकाच्या गॅसचाही निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो. आपत्काळासाठी विशाखापटनम्, मंगळूर व पादूर येथे भूमिगत गुहांत अशुद्ध तेल साठविण्याची सोय केलेली असून तिची एकूण क्षमता सु. ५३ लक्ष टन आहे.

अशा रीतीने तयार इंधनाचे परावलंबन बव्हंशी संपले, अशुद्ध तेलाचे मात्र संपले नाही. तथापि नानाविध जातींचे तेल शुद्ध करू शकणारे कारखाने हाती असल्याने ते कोणाकडून घ्यावयाचे, हे ठरविण्यास देशाला अधिक वाव मिळाला. १९६० मध्ये नाकारले गेलेले रशियन तेल २०२२ नंतर भारतीय कारखान्यांनी मोठ्या प्रमाणावर वापरले, हे याचे बोलके उदाहरण आहे.